शेवटची चार अक्षरं

समीक्षा नागपूरला बहिणीकडे आठवडाभर राहून चिचगडला परत आली आणि त्याच दिवशी संध्याकाळी मामाजी खो खो हसले. नीला सुपात तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. सासऱ्याचं असं हसू तिने शेवटचं कधी ऐकलं होतं, ते तिला आठवेना.

मामाजी म्हणजे देवीदास. स्वभावाने गप्प नव्हते, रागीट तर मुळीच नव्हते. त्यांचे कान गेले होते. आधी डावा, मग उजवा. मुलांनी गोंदियाहून कानाचं मशीन आणून दिलं, ते त्यांनी थोडे दिवस घातलं आणि "कानात राइस मिल चालू हाये" म्हणून काढून ठेवलं. तेव्हापासून ते जेवायला बसत, ताटातलं संपवत, हात धुऊन आपल्या खाटेवर जात. घरात काय बोलणं चाललंय हे विचारणंच त्यांनी सोडून दिलं होतं. कोणी कानाशी ओरडायला गेलं तर त्यांना ओरडणाऱ्याचीच दया येई. वाचायचे मात्र भरपूर, डोळे शाबूत होते. तरुणपणी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ते प्रॉम्प्टर होते. विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवायची, आणि तीही अशी की पहिल्या रांगेला कळू नये. बोलण्यावर जगलेला माणूस, आणि आता घरातल्या घरात पाहुण्यासारखा बसून राही.

नीला सूप बाजूला ठेवून ओसरीत आली. धाकटी जाऊ समीक्षा मामाजींच्या खाटेवर बसली होती, तिने आपला फोन त्यांच्यासमोर धरला होता, आणि फोनच्या पडद्यावर मोठमोठी मराठी अक्षरं आपोआप उमटत होती.

"ताई, पाहा तं!" समीक्षा म्हणाली. "आपण बोललो का हा लिहिते."

तिचं हे वाक्यही पडद्यावर उमटलं. मामाजींनी ते वाचलं आणि मान डोलावली. तेवढ्यात समीक्षाचा नवरा विवेक मागच्या दारातून आला आणि म्हणाला, "कोंबडीनं अंडे देल्ले वाटते." फोनने लिहिलं, कोंबडीने हंडे दिले.

मामाजी पुन्हा हसायला लागले. "किती लिटरचे रे?" त्यांनी विचारलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकाला उशीर झाला. मामाजींनी सगळ्यांना धरून धरून विचारलं. बांधाकडच्या धानाला पाणी पुरलं का? शेजारच्या ओमेशचं लग्न ठरलं होतं, त्याचं काय झालं? ते मोडून दुसरीकडे ठरलं आणि आता त्याला पोरगीही झाली, हे वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. "मले कोनी सांगतलंच नाई!"

"सांगतलं होतं मामाजी," नीला म्हणाली. "तुमी हो म्हनले होते."

"मी त सगळ्यालेच हो म्हनतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षा नेहमीप्रमाणे देवरीला गेली. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात ती रिसेप्शनवर बसते. फोन अर्थातच तिच्यासोबत गेला. नीलाचा नवरा रत्नपाल आणि विवेक, दोघे भाऊ, शेतावर गेले. घरी उरले नीला आणि मामाजी. नीला भांडी घासून आत आली, तर मामाजी चष्मा पुसून, सदऱ्याची बटणं लावून, मुलाखतीला बसावं तसे खाटेवर बसलेले.

"तुयाबी फोन तसाच हाये नं?" ते म्हणाले. "लाव."

फोन तसाच होता, खरंच. गेल्या दिवाळीत दोघा भावांनी गोंदियाच्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच निळ्या रंगाचे दोन फोन बायकांसाठी आणले होते. नीलाने सेटिंग्ज उघडली. समीक्षाने काल जिथे बोट दाबलं होतं तिथे दाबलं. बोललेलं लिहिण्याची ती ओळच तिथे नव्हती. वर पाहिलं, खाली पाहिलं. मग तिने फोन तोंडाशी धरला आणि म्हणाली, "मामाजी, चहा मांडू का?" फोन तसाच ढिम्म. मामाजी कोऱ्या पडद्याकडे पाहत थांबले होते.

"राहू दे," शेवटी ते म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

ते "राहू दे" नीलाला दिवसभर टोचत राहिलं. मामाजींचं जेवण, औषध, अंघोळीचं पाणी, सगळं गेली वीस वर्षं तिच्याच हातून होत होतं. आणि त्यांच्याशी बोलायची पाळी आली तर फोन दुसरीचा. शिवाय मामाजींनी कालच एक गोष्ट काढली होती. त्यांना नवेगाव बांध या गावी जायचं होतं, केशोरावला भेटायला. केशोराव हा त्यांचा नाटकातला जोडीदार, जातिवंत मासेमार आणि त्याहून जातिवंत नायक. कान गेल्यापासून मामाजींनी त्याच्याकडे जाणं टाळलं होतं. "जाऊन का करू? तो बोलते न् मी पाह्यतो," असं म्हणायचे. आता त्यांना जायचं होतं, पण समीक्षाला सुट्टी नव्हती.

रत्नपाल शेतावरून आला तेव्हा नीलाने त्याला फोन दाखवला. त्याने तो उलटा-सुलटा केला आणि निकाल देऊन टाकला. "डुप्लिकेट देला असंल दुकानदारानं. वरून सारखा, अंदरून वेगळा."

नीलाने फोन परत घेतला. पण दोन फोन एका पिशवीतून आले होते आणि पिशवीत पहिला हात विवेकने घातला होता, हे तिला आठवलं. असं आठवल्याची तिला लाजही वाटली.

संध्याकाळी समीक्षा आली. तिने पाय धुतले, चहा घेतला आणि नीलाचा चेहरा पाहून विचारलं, "का झालं ताई?"

"मायावाला डुप्लिकेट हाये म्हंते हे."

"काऊन डुप्लिकेट? आन् इकडं."

दोघी ओसरीत चटईवर बसल्या आणि दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. समीक्षाने दोन्हीकडे 'फोनविषयी' हे पान उघडलं. तिथे सॉफ्टवेअरचा नंबर होता. नंबर कसला, मांजरीने कीबोर्डवरून चालून जावं तशी अक्षरं आणि आकडे. दोघी एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेल्या.

"के, सत्तावीस," समीक्षा म्हणाली.

"के, सत्तावीस."

"आय, एन."

"आय, एन."

"हे आयएन म्हंजे इंडिया असंल," समीक्षा म्हणाली. "दोन्हीले सारखंच हाये. तीनचा आकडाबी सारखाच."

"मंग?"

"मंग मायावाल्यात डी, वाय, जी, एक."

नीलाने आपला पडदा डोळ्यांजवळ नेला. "माया सी, एक्स, एच, दोन."

म्हणजे सगळा फरक शेवटच्या चार अक्षरांत होता. समीक्षा म्हणाली, कंपनीचं काहीतरी असेल, आपल्याला काय कळणार. पण नीलाला तसं वाटेना. ती दरवर्षी धानाचं बियाणं घ्यायला रत्नपालसोबत दुकानात जायची आणि पोत्यावरचा लॉट नंबर पाहिल्याशिवाय पोतं उचलू द्यायची नाही. त्या नंबरातही असाच गिचमिड काला असतो, पण त्यात महिना असतो, साल असतं. जुनं बी नव्या पोत्यात आलं तर तिथेच कळतं.

"उगाच कोनी कायले लिहीन?" ती म्हणाली. "याच्यातबी तारीख असंल."

नंबराच्या खाली आणखी एक बारीक ओळ होती, सुरक्षेच्या सुधारणेची तारीख. समीक्षाच्या फोनवर लिहिलं होतं, एक जुलै दोन हजार पंचवीस. नीलाच्या फोनवर, एक ऑगस्ट दोन हजार चोवीस.

दोघींनी दोन्ही तारखा पुन्हा वाचल्या. मग समीक्षा पुटपुटायला लागली, "ए जानेवारी, बी फेब्रुवारी, सी मार्च..." आणि नीला बोटांची पेरं मोजायला लागली. एफ जून. जी जुलै. एच ऑगस्ट.

"एच ऑगस्ट!" नीला ओरडली. "समीक्षा, एच ऑगस्टच हाये!"

"न् मायावाला जी. जुलै."

"मंग वाय म्हंजे?"

आता दोघींनी पुन्हा पहिल्यापासून सगळी इंग्रजी मुळाक्षरं मोजली. मधे एकदा क्यू आधी की आर आधी, यावर अडल्या आणि पुन्हा सुरुवात केली. एक्स चोविसावं निघालं. वाय पंचविसावं. चोवीस साल आणि पंचवीस साल. समीक्षाने नीलाच्या मांडीवर थाप मारली आणि नीलाने तिच्या खांद्यावर. मामाजी खाटेवरून पाहत होते. त्यांना एक शब्द ऐकू येत नव्हता, पण दोघी सुना शाळकरी पोरींसारख्या उड्या मारताहेत हे दिसत होतं, आणि तेही उगाच हसत होते.

विवेक अंगणात मोटरसायकल धूत होता. त्याचा फोन त्याच कंपनीचा, पण जुना. नीलाने त्याला हाक मारली. "भाऊजी, तुमचा फोन द्या. तारीख पाहू नका. मी सांगतो."

त्याने ओल्या हातांनी फोन दिला. नीलाने नंबर काढला आणि शेवटची अक्षरं वाचली. डब्ल्यू आणि एल. तिने मोजलं. डब्ल्यू तेविसावं, एल बारावं. "डिसेंबर, तेवीस," ती म्हणाली. "आता पाहा खाली."

विवेकने खालची ओळ पाहिली. पुन्हा पाहिली. "तुमाले कसं समजलं जी, वहिनी?"

नीलाने फोन त्याच्या हातात परत ठेवला. तिला फार मजा वाटत होती. ती थेट रत्नपालसमोर जाऊन उभी राहिली. "फोन डुप्लिकेट नाई. इंडियाचाच हाये, सारखाच हाये. फकत घेतला तवापासून तसाच पडून हाये. समीक्षाचा पुढं चालला गेला, माया मांगं राह्यला."

"अस्सं," रत्नपाल म्हणाला. "मंग ढकल त्याले पुढं."

ढकलायचं कसं, हा खरा प्रश्न होता. चिचगडला फोनवर रेंज येते-जाते. नागपूरला बहिणीच्या घरी वायफाय होतं म्हणून समीक्षाचा फोन तिच्या नकळत, चार्जिंगला लावलेला असताना, पुढे गेला होता. समीक्षा म्हणाली, "ताई, परवा माया संगं देवरीले चला. डाक्टरसाहेबांच्या दवाखान्यात वायफाय हाये. मी इचारतो त्यायले."

ठरल्या दिवशी निघाले तेव्हा मामाजीही सदरा घालून तयार. "मी घरी का करू?" असं म्हणून ते आधीच गाडीत जाऊन बसले.

देवरीला दवाखाना उघडायला वेळ होता, म्हणून तिघं आधी बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकान डिंपल नावाची मुलगी चालवते. तिने नीलाच्या फोनमधला तो नंबर पाहिला आणि नीलाने त्यातला महिना आणि साल सांगितलं, तशी ती खूश झाली.

"अरे वा भाभी! ये तो कोई देखता ही नहीं. लोक डायरेक्ट म्हणतात, फोन खराब है." मग तिने सालाच्या आधीच्या अक्षरावर नख ठेवलं. "आता हे पाहा. हा सी आहे ना, ही मोठी आवृत्ती. सी म्हणजे तिसरी. दीदींचा डी, चौथी. नवीन चीज येते ती या अक्षरासोबत येते. महिने बदलतात ते छोटे-मोठे सुधार. और आखिरी नंबर, त्या महिन्यात कितव्यांदा बनवलं तो."

"म्हंजे माया सीचा डी झाला पाह्यजे."

"बस. इतना ही. और जगह खाली करो, फोन भरा पड़ा है."

फोन खरंच भरला होता. दवाखान्याच्या बाकावर बसून नीलाने जागा करायला घेतली. सकाळच्या शुभेच्छांची फुलं, वाफाळते कप, उगवते सूर्य, रत्नपालने पाठवलेले ट्रॅक्टरचे व्हिडिओ. मामाजी शेजारून डोकावत होते. "हा राहू दे," ते एका नाचणाऱ्या मोराकडे बोट दाखवून म्हणाले. मोर राहिला. बाकी सगळं गेलं.

डॉक्टरांनी वायफायचा पासवर्ड दिला, समीक्षाने तो फोनमध्ये घातला, आणि पडद्यावर एक बारीक निळी रेघ सरकायला लागली. मामाजी त्या रेघेकडे असे पाहत बसले की समोरच्या बाकावरच्या पेशंटबाईला वाटलं, आजोबांचा काही रिपोर्ट येतोय. "चांगलाच निघंल जी," तिने धीर दिला. नीलाने आभार मानले.

रेघ पूर्ण झाली. फोन बंद झाला, पुन्हा सुरू झाला. पडद्यावर आलं, तुमचा फोन अद्ययावत झाला आहे. समीक्षा पेशंटचं नाव लिहायचं सोडून धावत आली. तिघांनी सेटिंग्ज उघडली. ती ओळ तिथे नव्हती.

समीक्षाने वर-खाली शोधलं. परत बंद करून चालू केला. नाही. तिचा चेहराच पडला. रत्नपालला फोन लावला, तर तो म्हणाला, "म्या म्हनलं होतं नं? तुयावाल्यात येतच नसंल. घरी या आता, धूप तापली." मामाजींना कोणी काही सांगितलं नाही, पण त्यांनी दोघींच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि चष्म्याची डबी खिशातून काढली.

नीला मात्र 'फोनविषयी' उघडत होती. तिने शेवटची चार अक्षरं वाचली. सी, एक्स, एल, तीन. पेरं मोजली.

"समीक्षा," ती म्हणाली, "हा डिसेंबरपावतोरच आला."

"म्हंजे?"

"ऑगस्ट होता, डिसेंबर झाला. पन साल चोवीसच हाये. न् सी तसाच हाये. अजून डी व्हायचाच हाये त ते येईन कुठून?" ती उठून उभी राहिली होती. "तो एकदम नाई चालत. टप्प्याटप्प्यानं चालते. पुन्हा लाव."

"पन तो म्हंते, अद्ययावत झाला."

"त्याले म्हनू दे. पुन्हा लाव!"

समीक्षाने पुन्हा बोट दाबलं. फोनने थोडा विचार केला आणि म्हणाला, नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. यावेळी डाउनलोडचा आकडा भलताच मोठा होता. समीक्षाने "ताई!" अशी किंचाळी मारली, डॉक्टरांनी दारातून डोकं बाहेर काढलं, आणि नीलाने मामाजींच्या हातातली डबी घेऊन, उघडून, चष्मा परत त्यांच्या नाकावर ठेवला.

रेघ सरकायला लागली. यावेळी ती आरामात चालली होती. दवाखान्यात माणसं आली, इंजेक्शनं घेऊन गेली. समीक्षाने डबा उघडला, तिघांनी भात-वरण खाल्लं. मामाजींनी बाकावर डुलकी काढली. ते जागे झाले तेव्हा नीला त्यांच्यासमोर फोन धरून उभी होती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, मामाजी चहा मांडू का.

त्यांनी ते वाचलं. मग नीलाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

"मांड नं," ते म्हणाले. "साखर कमी टाकशीन त मी पेनार नाई."

नीलाने 'फोनविषयी' उघडून समीक्षाला दाखवलं. डी, वाय, जी, एक. दोन्ही फोन पुन्हा सारखे झाले होते.

त्याच आठवड्यात नीला मामाजींना घेऊन नवेगाव बांधला गेली. गाड्या बदलत गेले, आणि सगळ्या वाटेत मामाजी तिला विचारत होते आणि ती फोनला सांगत होती. हे शेत कोणाचं, तो पूल कधी झाला, समोरच्या सीटवरची बाई एवढी का चिडली आहे. शेवटचं तिने अगदी हळू सांगितलं, तरी फोनने मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि मामाजींनी ते मोठ्याने वाचलं. नीला पदराआड तोंड लपवून खिडकीकडे वळली.

केशोराव तलावाकाठी जाळं वाळत घालत होता. पांढऱ्या मिशा, छाती अजून पुढे. त्याने मामाजींना ओळखलं आणि हातातलं जाळं टाकून दिलं.

"काऊन बे देव्या! मेला का जित्ता?"

फोनने लिहिलं, कॉर्न बेदव्या मेला का जीता. मामाजींनी ते वाचून केशोरावला दाखवलं. दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एवढे हसले की शेजारच्या घरातून माणसं बाहेर आली.

"याले आपली बोली नाई येत," मामाजी म्हणाले.

"मंग शिकव त्याले," केशोराव म्हणाला. "तूनं मले नाटकाचे बोल शिकवले होते, याले का जड हाये?"

मग ते जे बोलायला बसले, ते बोलतच राहिले. कोणाची मिशी कोणत्या प्रवेशात गळून पडली, कोणती नायिका कोणावर रागावून कंपनी सोडून गेली. फोनने अर्धं चुकीचं लिहिलं. चुकीचं लिहिलं की मामाजी बरोबर काय असेल ते ओळखत, केशोराव मान हलवी, आणि गप्पा पुढे जात. केशोरावच्या सुनेने मासोळ्या तळल्या. नीला तिच्यासोबत चुलीपाशी बसली, दोघींनी घरच्या गोष्टी केल्या, आणि जेवण झाल्यावर नीला भांडी विसळू लागली.

ती हात पुसत बाहेर आली तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. खाट रिकामी. तिने तलावाकडे पाहिलं. काठापासून बऱ्याच आत, उन्हाने चकचकणाऱ्या पाण्यावर एक डोंगा चालला होता. केशोराव वल्हं मारत होता, मामाजी समोर बसले होते, आणि त्यांच्या हातात निळं काहीतरी होतं.

"मामाजी!" नीला काठापर्यंत धावली. "फोन! मामाजी, फोन पान्यात पडंल!"

मामाजींनी तिला पाहिलं. ती काहीतरी सांगते आहे हे त्यांना दिसलं. त्यांनी लगबगीने चष्मा सावरला आणि तिचं बोलणं टिपायला फोन दोन्ही हातांनी पाण्यावर, तिच्या दिशेने, जमेल तेवढा पुढे धरला.

नीलाने तोंडावर हात ठेवला आणि मटकन काठावर बसली. हसू तिला आवरेना. केशोरावची सून मागून येऊन उभी राहिली. "का म्हनून राहिल्या तुमी त्यायले?" तिने विचारलं.

"काई नाई," नीला म्हणाली. "काई नाई बोलत मी आता."